नई दुनियाच्या कागदातली गोळी



या पानावर आपण सगळे जुन्या इंदूरबद्दल लिहितो. रामबागेतले वाडे, सराफ्यातलं रात्रीचं खाणं, गणपतीतल्या नाटकांच्या तालमी, आजीच्या हातचे पोहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी हे सगळं वाचत बसते. आपणही काही लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पण मला जे सांगायचंय ते या आठवणींच्या पंगतीत वाढावं की नाही, हेच ठरत नव्हतं. विषय संकोचाचा आहे. तरी आज लिहून टाकते, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नाही.

मी मूळची देवासची. डी. फार्म. झाले आणि १९९४ साली लग्न होऊन इंदूरला आले, ती थेट सासऱ्यांच्या मेडिकलच्या काउंटरमागेच उभी राहिले. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. आमच्या गल्लीतल्या चार पिढ्यांची औषधं त्यांच्या हातून गेलेली. कुणाच्या आजोबांना कुठलं चूर्ण लागू पडतं आणि कुणाच्या सुनेला कुठल्या गोळीची अ‍ॅलर्जी आहे, सगळं तोंडपाठ.

अण्णांचा एक नियम होता. काही वस्तू कागदात गुंडाळूनच द्यायच्या. निरोध, बायकांचे पॅड, माला-डी. काउंटरखाली नई दुनियाच्या अंकांची चळत असायची. गिऱ्हाईक नाव घेत नसे, नुसतं शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचं आणि मग खाली बघायचं. अण्णा समजायचे. पाठ वळवून पुडी बांधायचे आणि पैसे घेताना मुद्दाम पावसापाण्याचं काहीतरी बोलायचे. गिऱ्हाइकाची लाज राखायची त्यांची ही रीत होती. मला ती फार आवडायची. माणसाचा मान राखणं म्हणजे हेच, असं मी त्यांच्याकडून शिकले.

मी दुकानात उभी राहू लागले तशा बायका माझ्याशी थोडं बोलायला लागल्या. पण कागद तसाच राहिला.

मग ती गोळी आली. आधी ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांचं पाकीट यायचं, बारा तासांच्या अंतरानं घ्यायचं. २००५ साली तिच्यासाठी डॉक्टरच्या पर्चीची अट गेली. २००७ साली दीड मिलिग्रॅमची एकच गोळी आय-पिल नावानं आली, तिची जाहिरात टीव्हीवर दिसू लागली, आणि बघता बघता सगळ्यांना नाव पाठ झालं. मागून अनवाँटेड ७२ आली. अण्णांनी ती पाकिटं सगळ्यात खालच्या खणात ठेवली. म्हणाले, "सूनबाई, हे मागायला कुणी आलं तर तूच बघ." मी हो म्हटलं.

मागायला कोण येत असे? तुम्हाला वाटेल कॉलेजच्या मुली. त्या होत्याच. पण निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक लग्न झालेलंच होतं. दोन मुलांच्या आया, रात्रपाळीच्या नवऱ्यांच्या बायका, आणि नवरे. नवरे तर फार. स्कूटर चालूच ठेवून, हेल्मेट न काढता, "आंटी, वो बहत्तर घंटे वाली देना."

आणि मुली. त्या बहुतेक भंवरकुआंकडच्या. तिकडे कोचिंग आहे, होस्टेलं आहेत, खंडवा, खरगोन, रीवा, सतना कुठून कुठून पोरी शिकायला येतात. मला आधी कळेना, तिथे हाकेच्या अंतरावर दहा मेडिकलं असताना या एवढ्या लांब रामबागेत का येतात? मग लक्षात आलं. इथे त्यांना कुणी ओळखत नाही, म्हणून.

त्यातलीच एक. २००८ चा पावसाळा असेल. ओली छत्री दाराशी ठेवून आत आली, वय असेल वीस. इकडेतिकडे बघितलं आणि रिकाम्या पाकिटाचा एक तुकडा काउंटरवर सरकवला. मी अण्णांच्या रीतीनं पाठ वळवली, पुडी बांधली, पैसे घेतले. तोंड वर करून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला लाजवलं नाही याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं, खरं सांगते.

दीड महिन्यानं ती परत आली. या वेळी तिला दुसरंच हवं होतं, "वो गिराने वाला किट." पाळी चुकली होती. घरीच तपासून बघितलं होतं. मी विचारलं, गोळी नेली होतीस ना? म्हणाली, "ली थी आंटी, उसी रात ली थी. एक गोली महीना भर चलती है ना?"

तिला वाटलं होतं की एक गोळी घेतली की महिनाभर काळजी नाही. पुढचे पंधरा दिवस ती त्याच भरवशावर राहिली.

मंडळी, खरी गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते, बस. बीज अजून सुटलं नसेल तर त्याला काही दिवस अडवून धरते आणि तोवर आत गेलेले शुक्राणू निकामी होतात. एकदा बीज सुटलं की हिचा जोर राहत नाही. आणि लांबलेलं बीज पुढे कधीतरी सुटतंच. म्हणजे गोळी घेतल्यानंतरचे दिवस सुरक्षित तर नाहीतच, उलट त्याच दिवसांत जपायला हवं. एवढं सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. मी त्या मिनिटात कागदाला दोरा गुंडाळत होते.

किट मी तिला दिलं नाही. ते औषध वेगळं, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. गर्भ नळीत असेल किंवा रक्तस्राव थांबला नाही तर जिवावर बेततं. असली किटं पर्चीशिवाय कुठेतरी मिळतात, हे तुम्ही-आम्ही सगळे जाणतो. मी नाही म्हटलं असतं आणि तेवढ्यावर थांबले असते, तर ती तिकडेच गेली असती. म्हणून दुकान अण्णांवर सोपवून तिला रिक्षानं माझ्या ओळखीच्या एका बाई डॉक्टरांकडे घेऊन गेले. तेव्हाच्या कायद्यात गर्भनिरोधकाचं साधन फसल्याचं कारण फक्त लग्न झालेल्या बाईसाठी लिहिलेलं होतं. २०२१ च्या दुरुस्तीत 'नवरा' हा शब्द जाऊन 'जोडीदार' आला. त्या डॉक्टरबाईंनी मानसिक त्रासाच्या कलमाचा आधार घेतला आणि सगळं रीतसर केलं. पोरगी सुखरूप राहिली. परत जाताना रिक्षात ती झोपून गेली होती, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. आजही माहीत नाही.

रात्री दुकान बंद करताना अण्णांना सगळं सांगितलं. ते कुलूप लावता लावता थांबले. म्हणाले, "पुडी बांधायची ती बांध. पण तोंड कशाला बांधायचं?"

त्या दिवसापासून मी बोलायला लागले. काउंटरच्या कोपऱ्यात, कॅल्शियमच्या डब्यांच्या आडोशाला एक स्टूल ठेवलं. गर्दी असली तर म्हणायचं, "बेटा, दोन मिनट इधर बैठ, निकालती हूँ." आणि मग हळू आवाजात तीन-चार प्रश्न. कशासाठी, कुणाबरोबर, लग्न झालंय का, हे मी कधी विचारत नाही. मला त्याच्याशी काही कर्तव्य नाही. मी विचारते, किती तास झाले? मागची पाळी कधी आली होती, वेळेवर होती का? आणखी कुठलं औषध चालू आहे का? आणि नवरा किंवा मित्र न्यायला आला असेल तर, जिच्यासाठी नेतोय तिला हे सगळं सांगशील ना, की फोन लावून देतोस?

तासांचं महत्त्व फार आहे. पाकिटावर बहात्तर लिहिलंय म्हणून लोक दोन दिवस वाट बघतात, जसं काही रेल्वेचं रिझर्व्हेशन आहे. जितक्या लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यायची. पुढची पाळी थोडी अलीकडे-पलीकडे होऊ शकते. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर घरी लघवीची तपासणी करायची, गप्प बसायचं नाही. आणि गोळी नको असेल किंवा वेळ निघून चालली असेल, तर पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडून तांबी बसवून घेता येते. तिचा भरवसा गोळीहून जास्त, आणि पुढची कित्येक वर्षं काम करते. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. हे तर कुणालाच माहीत नसतं.

औषधांचा प्रश्न मी का विचारते त्याचीही एक गोष्ट आहे. एक बाई आली होती, कडेवर दीड वर्षाचं मूल. दुसरं कुठलं औषध चालू आहे का विचारलं तर म्हणाली, नाही. मला ती जरा उतरलेली वाटली म्हणून परत विचारलं, दवाखान्यातून काही मिळतं का? "वो तो खाँसी वाली है, सरकारी. वो थोड़ी दवाई है." मी विचारलं, लघवीचा रंग कसा होतो? जरा लाजून म्हणाली, "केसरिया."

केशरी लघवी म्हणजे रिफाम्पिसिन. तिला टीबीचं औषध चालू होतं. रिफाम्पिसिन चालू असलं की यकृत या गोळीचा फार लवकर फडशा पाडतं, नेहमीच्या एका गोळीवर विसंबून चालत नाही. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन. अशा वेळी डॉक्टर तांबी सुचवतात, नाहीतर मात्रा दुप्पट देतात. मी तिला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवलं, चिठ्ठीवर टीबीच्या औषधाचं नाव ठळक लिहून. चार दिवसांनी मुलाचं खोकल्याचं औषध न्यायला आली आणि नुसती मान हलवली. तांबी बसवली होती. अण्णांच्या काळात तिला कागदातली पुडी मिळाली असती, पैसे गेले असते आणि वर पोट राहिलं असतं. टीबीच्या औषधांवर असताना, कडेवर एक मूल असताना.

नेहमी नेणारेही होते. एक गृहस्थ महिन्याला पाच-सहा पाकिटं न्यायचे. एकदा त्यांना बसवलं. म्हटलं, भाऊ, ही अडीनडीची गोळी आहे, हिच्यावर संसार चालवू नका. वारंवार घेतल्यानं वांझपण येत नाही, तेवढी भीती खोटी आहे. पण पाळीचं वेळापत्रक पार बिघडतं, आणि रोजच्या साधनापेक्षा ही भरवशाची नाही. त्यापेक्षा निरोध वापरा, नाहीतर बाईंना दवाखान्यात घेऊन जा. माला-एन आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, लखनौच्या संशोधन संस्थेत आपल्याच देशात तयार झालेली छाया आहे, ती तर पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदाच घ्यायची. त्यांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि म्हणाले, "ये सब पहले किसी ने बताया नहीं." मी म्हटलं, हो, माझीच चूक.

आमच्या मंडळातले एक काका मला एकदा म्हणाले होते, "वहिनी, तुमच्यासारख्या घरातल्या बाईनं गर्भपाताच्या गोळ्या विकाव्या?" मी त्यांना पाणी दिलं आणि समजावलं. गर्भ राहिला असेल तर ही गोळी तो पाडत नाही, त्याला धक्कादेखील लावत नाही. राहू नये म्हणून आधी घ्यायची आहे ही. उलट ही वेळेवर मिळाली तर पुढचा सगळा प्रसंग टळतो. काकांना किती पटलं माहीत नाही, पण पुढे ते कधी काही बोलले नाहीत.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाई स्वतःचीच आरती ओवाळून राहिलीय. आता चुकीचं सांगते.

भंवरकुआंच्या पोरी येत होत्या, मालवी बायका येत होत्या, सिंधी, बोहरी, सगळ्या. पण आपल्या मराठी घरातली मुलगी त्या गोळीसाठी माझ्याकडे कधी आली नाही. एकच आली.

२०१२ च्या डिसेंबरात. तिच्या आजीच्या बीपीच्या गोळ्या आमच्याकडूनच जायच्या. ती नेहमी यायची, हसून "काकू" म्हणायची. त्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळी आली, खांद्याला ड्रॉइंगच्या कागदांची नळी. स्टुलावर बसली आणि एका दमात बोलली. मी सगळं विचारलं, सगळं नीट सांगितलं, पाण्याचा ग्लास दिला. ती तिथेच गोळी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "काकू, आईला..." मी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हटलं, "वेडी आहेस का तू?"

मग जानेवारी आला. संक्रांतीचं हळदीकुंकू, आठ-दहा जणी जमलेल्या, तिळगूळ झाला, वाण झालं, आणि नेहमीचं सुरू झालं, आजकालच्या मुली. कुणी मोबाइलवर, कुणी कपड्यांवर. माझ्याकडे बघून एक जण म्हणाली, "तुमच्या दुकानात तर काय काय बघायला मिळत असेल नाही?" आणि मी, मोठा शहाणपणा सांगायचा म्हणून, बोलून गेले, "अहो, बाहेरच्याच मुली येतात असं समजू नका. आपल्या पण येऊन राहिल्यात. खांद्यावर ड्रॉइंगची नळी अडकवून, रात्री नऊ वाजता."

नाव मी घेतलं नाही. पण त्या गल्लीत ड्रॉइंगची नळी घेऊन फिरणारी मुलगी एकच होती. माझ्या तोंडातून वाक्य सुटलं आणि समोरच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. पण बाण सुटला होता.

आठ दिवसांनी तिची आई दुकानात आली. आजीच्या गोळ्या घेतल्या. सुटे पैसे मोजून काउंटरवर ठेवले, माझ्या हातात दिले नाहीत. मला एक शब्द बोलली नाही. पुढे कानावर आलं, मुलीला ग्वाल्हेरला मामाकडे पाठवलं. शेवटच्या वर्षाची परीक्षा राहिली. दोन वर्षांनी लग्न झालं, आम्हाला पत्रिका नव्हती. आजीच्या गोळ्या दुसऱ्या दुकानातून यायला लागल्या.

माझ्या डोक्यावर, देवाच्या फोटोशेजारी, फ्रेममध्ये फार्मासिस्टची शपथ टांगलेली आहे. बहुतेक मेडिकलांत असते, तुम्ही पाहिली असेल, वाचली नसेल. रुग्णाविषयी धंद्यात जे समजेल ते पोटात ठेवीन, कायद्यानंच भाग पाडल्याखेरीज कुणाला सांगणार नाही, अशा अर्थाचं त्यात आहे. मी रोज सकाळी त्या फोटोला उदबत्ती ओवाळायचे, तिचा धूर त्या शपथेवरही जायचा. वाचलं कधी होतं? त्या जानेवारीत वाचलं.

तेव्हा मला एक गोष्ट उमगली, ती सांगायलाच ही एवढी मोठी पोस्ट. आपण सगळं उलटं करत आलो. जिथे बोलायला पाहिजे तिथे, काउंटरवर, आपण कागद गुंडाळून गप्प. आणि जिथे गप्प बसायला पाहिजे तिथे, हळदीकुंकवात, मंडळात, लग्नाच्या पंगतीत, आपण घडाघडा बोलणार. पहिल्या चुकीनं त्या होस्टेलच्या मुलीवर वेळ आली. दुसऱ्या चुकीनं आपल्याच पोरीवर. पहिल्या वेळी मी गप्प होते आणि दुसऱ्या वेळी बोलले, आणि दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी बरोबर वागतेय.

आपली वस्ती छोटी. कुणाचे पणजोबा होळकरांच्या दरबारी होते आणि कुणाची आत्या कुणाच्या मावशीची जाऊ, हे आपल्याला पाठ असतं. या ओळखीचा आपल्याला अभिमान आहे, असावाच. आजारपणात, अडचणीत हीच ओळख धावून येते. पण याच ओळखीपायी आपल्या मुली रामबागेतून भंवरकुआंला जातात आणि तिकडच्या रामबागेत येतात. मला कधी कधी वाटतं, वाटेत कुठेतरी या दोघींच्या रिक्षा एकमेकींना ओलांडून जात असतील. तिकडच्या दुकानात आपल्या मुलीला कुणी ओळखत नाही हे खरं. पण तिला फिटची गोळी चालू आहे हेही तिथे कुणाला माहीत नसतं. मला माहीत असतं, आणि ती माझ्याकडेच येत नाही.

२०१५ साली फार्मसीच्या कामाचे नवे नियम आले. त्यात औषध देताना रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून स्पष्ट लिहिलंय. दुकानातल्या दोन्ही पोरांना मी ते शिकवलं. त्यांना एक आणखी सांगितलं, इथलं ऐकलेलं घरी नेलं तर दुसऱ्या दिवशी कामाला यायचं नाही. स्वतःलाही तेच सांगते. हळदीकुंकवाला आता मी जाते, तिळगूळ घेते, आणि दुकानाचा विषय निघाला की म्हणते, "काय ते, सर्दी-खोकलाच जास्त."

गेल्या वर्षी ती आली. ड्रॉइंगवाली. आता पुण्याला असते, सात वर्षांचा मुलगा आहे. आईला शुगर निघालीय, तिच्या गोळ्या न्यायला आली होती. आई अजूनही आमच्या दुकानात येत नाही. मी तिला स्टुलावर बसवलं. हातातली पर्ची बाजूला ठेवली आणि म्हटलं, "मी तुझं फार वाईट केलं गं. मी बोलले होते. त्या हळदीकुंकवात." मला वाटलं होतं तिला माहीत असेल. तिला माहीत होतंच.

ती थोडा वेळ शपथेच्या फ्रेमकडे बघत राहिली, का नुसतीच समोर बघत होती, कुणास ठाऊक. मग म्हणाली, "काकू, मला राग आला होता. अजून आहे थोडा. पण त्या रात्री तुम्ही मला नीट सांगितलं होतं ना, तेवढं मात्र कामी आलं. माझ्या मैत्रिणींना पुढे मीच सांगायचे." मग तिनं विचारलं, आईची मेटफॉर्मिन जेवणाआधी की नंतर? मी म्हटलं, जेवणाबरोबर किंवा नंतर. तिनं मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. मागायचा अधिकार नव्हता मला.

अण्णा आता नाहीत. नई दुनियाच्या कागदांची चळत मी काढून टाकली. आता साधी खाकी पिशवी देते, सगळ्यांना सारखीच, क्रोसिनला पण तीच. पिशवीत एक चिठ्ठी असते, एका बाजूला मराठी, एका बाजूला हिंदी. लवकरात लवकर घ्या. उलटी झाली तर काय करायचं. दुसरी औषधं चालू असतील तर सांगा. महिनाभर चालत नाही. पाळी लांबली तर तपासा. ही गोळी कुठल्याही संसर्गापासून वाचवत नाही, त्यासाठी निरोधच. आणि कुणी जबरदस्ती केली असेल तर १८१ वर फोन करा, अशा वेळी पहिले उपचार कुठल्याही दवाखान्यानं फुकट द्यायचे असतात, नाही म्हणता येत नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मेडिकल आहे, बडोद्याला, ग्वाल्हेरला, बेळगावला, हैदराबादला. कदाचित तुमच्या काउंटरखालीही असाच एखादा कागदांचा गठ्ठा असेल. तो ठेवा किंवा काढा, पण ते एक मिनिट बोला. आणि ज्यांच्या घरी मेडिकल नाही, त्यांना एवढंच, पुढच्या वेळी कुणी कुणाच्या मुलीबद्दल अर्धं वाक्य बोललं, तर उरलेलं अर्धं तुम्ही पूर्ण करू नका. विषय बदला. पावसापाण्याचं बोला. अण्णा बोलायचे तसं.